दोन दारांपुढे

अभ्यासासाठी शास्त्रभाग : लेवीय १९:३३-३४, योहान ४:५-२६, रोमकरांस पत्र ११:१७-२४



अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात 'सहिष्णुता संग्रहालय' या नावाची एक वास्तू आहे. फेब्रुवारी १९९३ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. संग्रहालय म्हटले की जुनी नाणी, भग्न मूर्ती, काचेच्या कपाटातील तलवारी असे काहीतरी आपल्या डोळ्यांपुढे येते. येथे मात्र पाहण्याची पहिली वस्तू म्हणजे पाहायला आलेला मनुष्यच, अशी योजना केलेली होती. आत जाणाऱ्यांपुढे दोन दारे ठेवलेली होती. एका दारावर 'पूर्वग्रह बाळगणारे' अशा अर्थाचे शब्द होते, तर दुसऱ्यावर 'पूर्वग्रह नसलेले' अशा अर्थाचे. आपल्या मनात कोणाविषयी आकस नाही असे समजणारा मनुष्य साहजिकच दुसऱ्या दाराकडे वळे व ते ढकलून पाही. पण ते दार उघडत नसे, कारण ते कायमचे बंदच ठेवलेले होते. आत जायचे असेल तर पहिल्या दारानेच जावे लागे.

मंदिरात प्रार्थना करावयास गेलेला परूशी व जकातदार यांचा दृष्टान्त (लूक १८:९-१४) आपण किती वेळा वाचला असेल! तेथेही दोन मनुष्य आहेत, आणि नीतिमान ठरून घरी जाण्याचा मार्ग एकच आहे. जो आपले पाप कबूल करतो त्याच्यासाठीच दार उघडते. एका यहूदी संस्थेने उभारलेल्या संग्रहालयाने हेच सत्य लाकडाच्या दोन फळ्यांत मांडावे, हे आपण विचारात घेण्याजोगे आहे. म्हणून या संग्रहालयाच्या निमित्ताने काही शास्त्रवचनांचा आपण अभ्यास करू या.

१. संग्रहालयाची पार्श्वभूमी

हे संग्रहालय सायमन वीझेन्थाल केंद्र या संस्थेने स्थापन केले. रब्बी मार्विन हायर यांनी ही संस्था १९७७ मध्ये सुरू केली. सायमन वीझेन्थाल (१९०८-२००५) हे पूर्व युरोपातील बुचाच गावचे यहूदी गृहस्थ. नाझींच्या अनेक छळछावण्यांतून ते गेले, आणि मे १९४५ मध्ये माउटहाउझेन येथील छावणीतून अर्धमेल्या स्थितीत त्यांची सुटका झाली. त्यांचे व त्यांच्या पत्नीचे मिळून ८९ नातलग मारले गेले होते. पुढील आयुष्य त्यांनी त्या हत्याकांडातील अपराध्यांना न्यायासनासमोर आणण्यात घालविले. सूड नव्हे, न्याय, अशी त्यांची भूमिका होती.

संग्रहालय उघडण्याच्या अवघे काही महिने आधी, एप्रिल १९९२ च्या अखेरीस, लॉस एंजेलिस पेटले होते. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय मनुष्याला मारहाण करणारे पोलीस न्यायालयातून सुटले, आणि त्यानंतर उसळलेल्या दंगलीत पन्नासहून अधिक माणसे मेली. अशा शहरात या संस्थेने केवळ आपल्याच लोकांच्या दुःखाचे स्मारक बांधले नाही. साठ लक्ष यहूद्यांच्या हत्येची कथा सांगतानाच तिने वंशभेद, द्वेषाची भाषा व शेजाऱ्या-शेजाऱ्यांतील वैर यांसंबंधी सर्वांनाच प्रश्न विचारले. शाळकरी मुले आणि शिक्षक तेथे येतात. पोलिसांसाठीही खास प्रशिक्षणवर्ग चालविण्यात आले. छळछावण्यांतून वाचलेली वृद्ध माणसे तेथे येऊन स्वमुखाने साक्ष देत आली आहेत.

हत्याकांडाच्या दालनात जाणाऱ्याला एका मुलाचे छायाचित्र असलेले एक ओळखपत्र हाती दिले जाई. त्या मुलाचे पुढे काय झाले, तो जगला की मेला, हे शेवटी कळे. मारल्या गेलेल्यांत सुमारे पंधरा लक्ष मुले होती. एवढी मोठी संख्या मनात मावत नाही. एक नाव व एक चेहरा मात्र मावतो. देव अब्राहामाला, हागारेला, शमुवेलाला नावानेच हाक मारतो हे येथे आठवावे.

या संग्रहालयाच्या संग्रही एक पत्रही आहे. १६ सप्टेंबर १९१९ रोजी ॲडॉल्फ हिटलर नावाच्या एका अप्रसिद्ध सैनिकाने ते लिहिले. यहूद्यांना समाजातून समूळ दूर करणे हेच अंतिम ध्येय असले पाहिजे, असे त्यात त्याने बजावले आहे. त्या वेळी त्याच्या हाती ना सत्ता होती, ना फौज. होते ते केवळ शब्द. वाचकहो, याकोबाने आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिभेला ठिणगीची उपमा का दिली, हे त्या एका कागदावरून समजते.

२. उपऱ्याचे मन

हे सारे करण्याची प्रेरणा कोठून येते? याचे उत्तर तोरात, म्हणजे आपल्या जुन्या कराराच्या पहिल्या पाच पुस्तकांत, सापडते. आपल्या देशात राहणाऱ्या परक्याला छळू नये, त्याला स्वदेशीयासारखेच मानावे व त्याच्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, असे लेवीय १९:३३-३४ सांगते. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा त्याच अध्यायात, अठराव्या वचनात आहे. ती आपल्याला पाठ असते. सोळा वचनांनंतर तीच प्रीती उपऱ्यालाही लागू केली आहे, याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. तालमूदमधील शास्त्र्यांनी मोजून ठेवले आहे की, उपऱ्यासंबंधीची ताकीद तोरात ३६ वेळा आली आहे; काहींच्या मते ४६ वेळा.

येथे मूळ हिब्रू शब्द 'गेर' असा आहे. वाटसरू म्हणून येऊन जाणाऱ्या परदेशीयाला हिब्रूत 'नोख्री' म्हणतात. 'गेर' हा त्याहून निराळा. तो आपल्यातच राहतो, आपल्याच विहिरीचे पाणी पितो, पण त्याला स्वतःची जमीन नाही व पाठीशी भाऊबंद नाहीत. भाषांतर करताना या शब्दापाशी मी अनेकदा अडखळलो आहे. 'परदेशी' म्हटले तर तो फार दूरचा वाटतो. 'पाहुणा' म्हटले तर त्याचा फारच मान राखल्यासारखे होते, आणि गेर तर मानाला पारखाच असतो. मराठीत जवळचा शब्द 'उपरा' हाच. लक्ष्मण माने यांनी १९८० मध्ये आपल्या आत्मकथेला हेच नाव दिले, तेव्हा या शब्दातील वेदना साऱ्या महाराष्ट्राला कळली.

निर्गम २३:९ मध्ये या आज्ञेचे कारण दिले आहे. तुम्ही मिसरात उपरे होता, म्हणून उपऱ्याचे 'नेफेश' तुम्हांला ठाऊक आहे, असा तेथील आशय आहे. 'नेफेश' म्हणजे जीव, प्राण, श्वास. मूळ अर्थाने कंठ. उपऱ्याच्या घशाशी आलेला आवंढा तुम्ही स्वतः गिळलेला आहे, असेच जणू देव म्हणतो. परक्याला केवळ दयेपोटी नव्हे, तर आपल्या आठवणीपोटी जवळ करावे, हा यहूदी नीतीचा गाभा आहे. संग्रहालयाचा पायाही तोच आहे. आमच्यावर जे गुदरले ते आम्ही विसरत नाही, म्हणून ते दुसऱ्या कोणावर गुदरू नये यासाठी आम्ही झटू, असा त्याचा अर्थ.

आता हा प्रश्न स्वतःकडे वळवावा. आपल्यापैकी पुष्कळ जण नोकरीधंद्यानिमित्त महाराष्ट्राबाहेर इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर, दिल्ली अशा ठिकाणी राहतात. तेथे भाषेने आपण उपरे, आणि धर्माने तर सर्वत्रच अल्पसंख्य. भाड्याचे घर शोधताना नाव ऐकून समोरच्याचा बदललेला चेहरा आपण पाहिला असेल. तो अनुभव आपल्याला अधिक कोमल करतो की अधिक कडवट? दुसऱ्या प्रांतातून आपल्या गावी आलेल्या मजुराकडे पाहताना आपल्याला मिसर आठवतो काय?

३. 'यहूदी' या शब्दाचे ओझे

येथे मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. अनेक वर्षांपूर्वी ठाण्यात आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहत असत. ते बेने इस्राएल. तेल गाळण्याच्या पिढीजात धंद्यामुळे व शब्बाथ पाळण्याच्या रीतीमुळे कोकणात ज्यांना 'शनवार तेली' म्हणत, त्या समाजातले. मराठी त्यांची मातृभाषा, आणि ती माझ्याहून चांगली. मी त्यांना गुरुजी म्हणत असे. एका उत्तम शुक्रवारी माझे प्रवचन होते. शेजारधर्म म्हणून तेही मागच्या बाकावर येऊन बसले. घरी परतताना ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, तुमच्या बोलण्यात यहूदी बऱ्याच वेळा आले. येशू मात्र त्यांत एकदाही आला नाही."

मी गप्प झालो. त्या दिवशी मला दुसरे दार ढकलून पाहिल्याचा अनुभव आला. माझ्या मनात त्यांच्याविषयी आकस नव्हता, असे मी शपथेवर सांगितले असते. पण माझ्या भाषेत तो होता. 'यहूद्यांनी त्याला धरले', 'यहूदी ओरडले' असे मी सहज बोलून गेलो होतो. मार खाणारा, वधस्तंभ वाहणारा, त्याच्यासाठी रडणारी त्याची आई, त्याचे शिष्य, त्याला कबर देणारा अरिमथाईकर योसेफ हे सारे जणू निराळ्या जातीचे होते!

योहानाच्या शुभवर्तमानात 'यूदाइऑय' हा ग्रीक शब्द सुमारे ७० वेळा आला आहे. तो सर्वत्र एकाच अर्थाने आलेला नाही. ४:९ मध्ये शोमरोनी स्त्री येशूलाच यहूदी म्हणते, आणि ४:२२ मध्ये तारण यहूद्यांमधूनच येते असे येशू तिला सांगतो. ११:१९ मध्ये मार्था व मरीया यांचे सांत्वन करावयास आलेले प्रेमळ लोकही यहूदीच आहेत. उलट ९:२२ मध्ये जन्मांधाचे आईबाप 'यहूद्यांना' भितात. पण ते आईबाप स्वतः कोण होते? यहूदीच! म्हणजे तेथे हा शब्द संपूर्ण लोकांना उद्देशून नसून अधिकार चालविणाऱ्या काही पुढाऱ्यांना उद्देशून आहे, हे उघड आहे. म्हणूनच अलीकडील अनेक भाषांतरांत अशा ठिकाणी 'यहूदी पुढारी', 'यहूदी अधिकारी' असे शब्द योजलेले आढळतात. यात शास्त्रात फेरबदल केला असे कोणी समजू नये. जो अर्थ पहिल्या वाचकांना आपोआप कळत होता, तो आपल्याला कळावा एवढाच त्याचा हेतू आहे.

हा केवळ विद्वानांचा वाद नव्हे. शतकानुशतके युरोपातील ख्रिस्ती लोकांनी सर्व यहूद्यांना प्रभूचे मारेकरी ठरविले. मार्टिन लूथरने १५४३ मध्ये त्यांच्याविरुद्ध अत्यंत कठोर पुस्तक लिहिले. नाझींनी त्याचा मनसोक्त उपयोग केला. आपला किनाराही या ज्वाळेपासून दूर राहिला नाही. भारतातील औषधी वनस्पतींवर १५६३ मध्ये गोव्यात ग्रंथ प्रसिद्ध करणारा गार्सिया द ऑर्टा हा थोर वैद्य यहूदी वंशाचा होता. त्याच्या मृत्यूनंतर १५६९ मध्ये गोव्याच्या धर्मन्यायालयाने त्याच्या बहिणीला गुप्तपणे यहूदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळले, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून तीही जाळली. हे सर्व ख्रिस्ताच्या नावाने झाले. आपण हे झाकून ठेवू नये.

पश्चात्तापाचीही साक्ष आहे. फ्रेंच इतिहासकार झ्यूल इझाक यांची पत्नी व कन्या नाझींच्या हातून मारल्या गेल्या. त्यांनी उरलेले आयुष्य ख्रिस्ती शिकवणीत यहूद्यांविषयी तिरस्कार कसा शिरला हे शोधण्यात घालविले, आणि जून १९६० मध्ये पोप तेविसावे जॉन यांची भेट घेतली. पुढे २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले की, प्रभूच्या मरणाचा दोष त्या काळच्या सर्व यहूद्यांवर किंवा आजच्या यहूद्यांवर सरसकट लादता येत नाही. अमेरिकेतील एव्हांजेलिकल लूथरन मंडळीने १९९४ मध्ये लूथरच्या त्या लिखाणाचा स्पष्ट शब्दांत धिक्कार केला. पौलाने तर हे पहिल्याच शतकात बजावले होते. रोम ११:१८ मध्ये तो विदेशी विश्वासणाऱ्यांना सांगतो की, कलम केलेल्या फांदीने मूळ झाडाच्या फांद्यांपुढे तोरा मिरवू नये. मूळच तिला उचलून धरते.

आपणा मराठी ख्रिस्ती लोकांवर या मुळाचे विशेष ऋण आहे. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये बेने इस्राएल लोकांसाठी हिब्रू व्याकरण मराठीतून लिहिले. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक शिकून सबंध शास्त्राचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. जी भाषा आपण उपासनेत बोलतो तिच्या पोटात हिब्रूचे दाणे आहेत. 'आमेन' म्हणताना व 'हालेलूया' गाताना आपण गुरुजींच्याच भाषेत बोलत असतो.

४. क्षमा कोणी करावी?

वीझेन्थाल यांच्या आयुष्यातील एक प्रसंग त्यांनी 'सूर्यफूल' या अर्थाच्या नावाने पुस्तकरूपात लिहिला आहे. ते कैदी असताना त्यांना एका मरणोन्मुख नाझी सैनिकाच्या खाटेपाशी नेण्यात आले. यहूदी कुटुंबांना घरात कोंडून जाळल्याची कबुली देऊन त्याने त्यांच्याकडे क्षमा मागितली. वीझेन्थाल काहीही न बोलता निघून गेले. पुढे आयुष्यभर ते विचारीत राहिले, मी योग्य केले काय?

आपण ख्रिस्ती लोक चटकन म्हणू, 'क्षमा करावयास हवी होती.' पण जरा थांबावे. मिश्नातील शिकवण अशी आहे की, प्रायश्चित्ताचा दिवस देवाविरुद्ध केलेल्या पापांची क्षतिपूर्ती करतो. मनुष्याविरुद्ध केलेल्या अपराधासाठी आधी त्या मनुष्याची समजूत घातली पाहिजे. मग जळून मेलेल्यांच्या वतीने तिसऱ्याने क्षमा कशी करावी? प्रभू येशूची शिकवण याहून फार दूर नाही. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करून ये, असे तो मत्तय ५:२३-२४ मध्ये सांगतो. वधस्तंभावर त्याने क्षमेची प्रार्थना केली ती स्वतः घाव सोशीत असताना. दुसऱ्याच्या जखमांवर आपण उदारपणे क्षमा वाटू नये. ज्यांना मंडळीत, कुटुंबात किंवा समाजात दुखविले गेले आहे त्यांना 'विसरून जा, क्षमा कर' असे घाईने सांगणारे आपण, या यहूदी मौनापुढे थोडे नम्र व्हावे. क्षमेचे सामर्थ्य ख्रिस्त देतो हा आपला विश्वास आहे; ती दुसऱ्याकडून वसूल करण्याचा अधिकार तो आपल्याला देत नाही.

५. शिकविणाऱ्यांचीही परीक्षा

पहिले दार सर्वांसाठी आहे, ते बांधणाऱ्यांसाठीही. याच संस्थेने यरुशलेमेत दुसरे सहिष्णुता संग्रहालय बांधावयास घेतले व २००४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. खोदकामात मानवी अस्थी सापडल्या, कारण ती जागा मामिल्ला या प्राचीन मुसलमान दफनभूमीला लागून, तिच्याच क्षेत्रात होती. तेथे ज्यांचे पूर्वज पुरलेले होते त्यांनी हरकत घेतली. अनेक यहूदी विचारवंतांनीही विरोध केला. त्या जागेवर कित्येक वर्षे वाहनतळ होता, असे संस्थेचे म्हणणे. २००८ मध्ये इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने बांधकामास परवानगी दिली. कायदा एका बाजूने उभा राहिला. पण दुसऱ्याच्या कबरीवर सहिष्णुतेची शाळा शोभते काय, हा प्रश्न त्याने मिटला नाही.

हे मी बोट दाखविण्यासाठी लिहीत नाही. आपल्या कबरस्तानाच्या जागेवरून झगडावे लागलेल्या मंडळ्या आपल्या देशात आहेत, म्हणून ती वेदना आपल्याला कळावी. शिवाय बंधुप्रीतीवर उपदेश करणाऱ्या आपल्याच मंडळ्यांत जातीवरून बाके व घरे वेगळी राहिली आहेत. चांगल्या कार्याचा फलक लावल्याने पूर्वग्रहाचे दार चुकत नाही.

६. सोसणे आणि वाहणे

'सहिष्णुता' हा शब्द आपल्या कानांना काहीसा थंड वाटतो. नाइलाजाने चालवून घेणे, असा अर्थ त्यातून निघतो. पण शब्दाच्या मुळाशी 'सह्' हा धातू आहे. सह् म्हणजे सोसणे. आधुनिक हिब्रूत सहिष्णुतेला 'सोव्लानुत' म्हणतात. त्याचा धातू 'साबाल', म्हणजे ओझे वाहणे. आता यशयाचा ५३ वा अध्याय उघडा. चौथ्या व अकराव्या वचनांत परमेश्वराचा सेवक आपली दुःखे व अपराध वाहतो असे सांगताना संदेष्टा हेच क्रियापद योजतो.

वाचकहो, सहिष्णुता ही ख्रिस्ती मनुष्याला परकी नाही. तिचे पूर्ण रूप म्हणजे दुसऱ्याचे ओझे आपल्या खांद्यावर घेणे. येशू ख्रिस्ताने ते केले असे आपण मानतो. हे यहूदी बांधव मानत नाहीत. आणि संवाद म्हणजे हा भेद पुसून टाकणे नव्हे. आपला विश्वास न लपविता, समोरच्याला त्याच्या नावाने ओळखून, त्याचे ऐकून घेणे म्हणजे संवाद. गुरुजी माझ्या प्रवचनाला आले आणि शेवटपर्यंत बसले. माझे शब्द त्यांनी सोसले. त्या दिवशी दोघांपैकी यशयाच्या अर्थाने 'वाहणारा' कोण होता, हे मला सांगावे लागू नये.

त्यानंतर उत्तम शुक्रवारचे प्रवचन लिहून झाले की मी ते एकदा पुन्हा वाचतो. मागच्या बाकावर गुरुजी बसले आहेत असे समजून वाचतो. काही शब्द बदलावे लागतात. शुभवर्तमान त्यामुळे तसूभरही कमी होत नाही.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. लेवीय १९:१८ व १९:३४ ही वचने एकत्र वाचा. आपल्या गावात किंवा वसाहतीत आज 'गेर' कोण आहे?

२. योहान ९:१८-२३ वाचा. येथे 'यहूदी' या शब्दाने कोण अभिप्रेत आहेत? रविवारच्या शाळेतील मुलांना हा भाग आपण कोणत्या शब्दांत सांगाल?

३. आपल्या बोलण्यात एखाद्या जातीविषयी, प्रांताविषयी किंवा धर्माविषयी सहज येणारी कोणती म्हण वा कोणता शब्द आपण सोडून द्यावा असे वाटते?

४. मत्तय ५:२३-२४ च्या प्रकाशात, उपासनेला जाण्यापूर्वी ज्याची भेट घ्यावी असा कोणी मनुष्य आपल्याला आठवतो काय?